सांग लेकी, सांग मले

मंडळी, पाहुणे पोरीला पाहून जातात, बाप होकार कळवतो, अन् पोरीला ते कळतं सगळ्यात शेवटी! आहे की नाही ही आपल्याच घरातली गोष्ट?

अल्लीपूरचे रूपराव तर प्रेम अन् लग्नावरच्या छोट्या संगीत एकांकिका बसवणारे. शेवटच्या प्रवेशात ते स्वतः बाप होऊन गात, ‘सांग लेकी, सांग मले, काय तुझ्या मनी?’ लेकीच्या होकाराशिवाय लग्न लावणार नाही, म्हणून हटून बसत. बाया डोळे पुसत. लेकीचं काम त्यांचीच सुरभी करायची.

नालवाडीच्या प्रयोगाआधी रूपराव खुशीत पडद्यामागे आले. “सुरभी, तुले पाहून गेला तो पोरगा अन् त्याचे मायबाप पहिल्या रांगेत बसून राह्यले. होकार मी कालच देऊन टाकला. रविवारी साक्षगंध, अंगठ्या घालाच्या!”

सुरभीच्या हातातली नथ खाली पडली. “अन् मले नाई विचारलं?”

“तुले काय विचाराचं त्यात? पोरगा नोकरीवाला हाय!”

शेवटचा प्रवेश आला. रूपरावांनी ओळ टाकली. या खेळाची रीतच अशी, की लेकीचं उत्तर येईपर्यंत साथवाले तीच ओळ घोळवत राहतात. ओळ फिरून आली, पुन्हा फिरून आली. सुरभी गप्प. पेटीवरचा चंदन घामाघूम! लोकांना वाटलं, वा, काय रंगवलंय! टाळ्या पडल्या.

“काऊन थांबली? गा नं!” रूपराव दातओठ खात पुटपुटले.

सुरभी बोलली. सूर नाही, ताल नाही. “बाबा, इथं लोकाइसमोर विचारता. घरी एकडाव तरी विचारलं काय?”

पेटी थांबली. रूपरावांनी तिच्यावर डोळे वटारले. अरे देवा, पोरीने भरसभेत अब्रू घालवली!

तेवढ्यात त्यांची बायको आनंदाबाई पडद्याआडून पुढे आल्या. “तिच्यावर डोये काऊन वटारता? खोट्या लेकीसाठी रडता, अन् खरीले ढोरावानी दावणीले बांधून राह्यले! घरात करणं नाई होत, तर लोकाइले शिकवता कायले?”

रूपरावांनी डोक्यावरचा फेटा काढला. पहिल्या रांगेकडे पाहून हात जोडले. “पाहुणे, तो होकार माझा होता. पोरीचा नाई.” मग ते लेकीकडे वळले. या वेळी गाणं नाही. साधंच विचारलं, “तुले काय वाटते, माय?”

“मले आधी त्याच्याशी बोलू द्या. मंग सांगीन. पण नाई म्हटलं तर?”

“तर नाई!”

तोच पहिल्या रांगेतून तो पोरगा उभा राहिला. कान लालबुंद. “काका, मलेबी कोणी विचारलं नोयतं!”

त्याच्या बापाने मान खाली घातली.

मंडळी, आपण पत्रिका पाहतो, शेती पाहतो, नोकरी पाहतो. ज्यांना जन्म काढायचा, त्यांनाही विचारा. आणि विचारलं, की उत्तर येईस्तोवर थांबा!