एकहार्टचं कार्ड

झिगमारनं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण पुन्हा काढलं, टॉर्च दातांत धरला आणि नवं ग्राफिक्स कार्ड अंगठ्यानं आत दाबून पाहिलं. ते मघाशीच पक्कं बसलेलं होतं. विजेची वायर त्यानं काढून परत खोचली. मेमरीच्या पट्ट्या उपसल्या, त्यांवर फुंकर मारली, पुन्हा बसवल्या. मग गुडघ्यांवर बसल्या बसल्याच बटण दाबलं. पंखे गरगरले, हिरवा दिवा लागला. मॉनिटर काळा तो काळाच.

हे कार्ड कोरं करकरीत होतं, दुकानातून आणून त्यानंच सील फोडलेलं. दुकानदाराचा उद्धार करायला त्यानं तोंड उघडलं आणि एकदम गप्प झाला. कारण गेल्या आठवड्यात पहिलं कार्ड लावलं तेव्हाही अस्संच झालं होतं. पंखे फिरत होते, दिवा हिरवा, पडदा काळा. ते कार्ड एकहार्टचं होतं, आणि ते मेलेलं आहे असं सांगून झिगमार ते त्याच्या बायकोच्या हातात परत देऊन आला होता.

झाल्फेल्ड ते आर्नश्टाट या मार्गावर दोघांनी अख्खी नोकरी एकाच गाडीवर काढली होती. झिगमार पुढं इंजिनात, एकहार्ट शेवटच्या डब्यात गार्ड. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून दोघांनी कॉम्प्युटरवर रेल्वेगाड्या चालवायच्या खेळाचा नाद लावून घेतला. त्यात त्यांचा तो जुना मार्ग जसाच्या तसा होता, पाउलिनत्सेला ठेसनाजवळच्या वळणासकट. एकहार्टच्या पडद्यावर बर्फाचे कणसुद्धा वेगवेगळे दिसायचे. झिगमारच्या कॉम्प्युटरला वेगळं कार्डच नव्हतं, त्यामुळे त्याची गाडी उचक्या देत धावायची. कोळसा संपला वाटतं, असं म्हणून एकहार्ट त्याला पिडायचा.

मागच्या शरद ऋतूत एकहार्टनं अंथरूण धरलं आणि नाताळाच्या आधी तो गेला. झिगमार त्याला भेटायला गेला नाही, ना घरी, ना दवाखान्यात. पहिल्यांदा सर्दी झाल्याचं सांगितलं, मग गाडी बिघडल्याचं, आणि मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही. खरं एवढंच होतं की त्याला भीती वाटत होती. दफनाच्या दिवशी तो सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि एकहार्टच्या बायकोशी, रोझविटाशी, हात मिळवून निघून आला. त्यानंतर त्या घराची पायरी तो चढला नव्हता. त्याची बायको कार्ला अधूनमधून जायची. एकहार्टचं कार्ड झिगमारनं न्यावं, त्यालाच आवडेल, असं रोझविटानं म्हटलं तेव्हाही त्यानं कार्लालाच पाठवलं. कार्लानं ते टॉवेलात गुंडाळून आणलं.

आणि ते लागलं नाही. त्या दिवशी झिगमारला जो राग आला, तो का आला हे त्यालाही सांगता आलं नसतं. एरवी ज्याचा पाय तिकडे वळत नव्हता तो माणूस टॉवेलात गुंडाळलेलं कार्ड काखेत मारून तरातरा रोझविटाच्या दाराशी गेला. जळकं आहे हे, म्हणाला. इतकी वर्षं तापवून तापवून त्याला जाळलंय, आणि एकहार्टला ते ठाऊक असणार. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर त्यानं दारात उभं राहून खापर फोडलं. रोझविटानं टॉवेल दोन्ही हातांनी घेतला. वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणाली, कॉफी ठेवते, आत ये. गाडी चुकीच्या जागी लावलीय असं सांगून त्यानं काढता पाय घेतला.

आता तो कॅबिनेटकडे बघत राहिला. दुकानात न्यावं लागणार म्हणून त्यानं ते टेबलाखालून ओढलं आणि वायरी काढायला खिडकीकडे पाठ करून फिरवलं. उजेड थेट मागच्या बाजूवर पडला. मॉनिटरची केबल वरच्या, नेहमीच्या खोबणीत होती, कॉम्प्युटर घेतल्यापासून असायची तिथेच. खाली नव्या कार्डाच्या खोबणी होत्या, आणि त्यांच्यावरची प्लॅस्टिकची टोपणं अजून निघालेलीही नव्हती. वेगळं कार्ड बसवलं की वरची खोबण बंद होते, केबल कार्डालाच लावायची असते.

त्यानं एक टोपण काढलं. केबल वरून उपसून खाली लावली. बटण दाबलं, आणि पडदा लख्ख उजळला.

नोकरीभर त्यानं गाडीच्या मागं कधी पाहिलं नव्हतं. ते काम एकहार्टचं. मागून दिवा हलला की सगळं ठीक, झिगमारनं निघायचं. कॅबिनेट उघडून त्यानं आतला स्क्रू न् स्क्रू तपासला होता, पण मागं बघायचं त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही. त्याचे कान तापले. घरात कोणी पाहत नव्हतं तरी त्यानं चेहरा हातांनी झाकून घेतला.

कार्ला हात पुसत दारात आली.

"लागला की. मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

त्यानं सांगितलं. सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही. कार्ला हसेल असं त्याला वाटलं होतं, ती हसली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे एकहार्टचं कार्ड चांगलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू तिला जाऊन काय काय बोलून आलास."

"तू येतेस का माझ्याबरोबर?"

"मी कशाला? बोलायला गेलास तेव्हा मी होते का?"

नव्या कार्डावर एक गाडीही न चालवता त्यानं कॉम्प्युटर बंद केला. बेकरीतून खसखशीचा केक घेतला आणि चालत निघाला. गाडीनं गेलं तर फार लवकर पोचू, असं त्याला वाटलं. वाटेत तो शब्दांची जुळवाजुळव करत होता. माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं, पण त्याच्यामागून दुसरं, तिसरं, सगळंच येणार होतं. दवाखाना येणार होता. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत त्यानं सोपी वाट शोधून काढली. चुकलं असं काही म्हणायचंच नाही. ते कार्ड दे, पुन्हा एकदा लावून बघावं म्हणतो, एवढंच म्हणायचं. मग दोन दिवसांनी फोन करून सांगायचं की कार्ड चालू झालं, एखादी वायर सैल असेल. एकहार्टचं नावही स्वच्छ होईल आणि आपलंही तोंड काळं होणार नाही. हे सुचल्याबद्दल त्याला स्वतःची किळस आली, तरी त्यानं तेच घोकत बेल वाजवली.

रोझविटानं दार उघडलं. ती बारीक झाली होती. मागच्या वेळी हे त्याला दिसलंच नव्हतं.

"ते कार्ड," तो म्हणाला. "म्हटलं, परत एकदा लावून बघावं. कधी कधी कसं असतं, की..."

"आधी आत तर ये. बूट काढ."

बूट काढून, दाराजवळ ठेवलेल्या सपाता घालून तो तिच्यामागून बैठकीच्या खोलीत गेला. खोलीभर इंजिनाची मंद घरघर ऐकू येत होती. एकहार्टच्या टेबलावर मॉनिटर चालू होता, आणि त्यात पाउलिनत्सेलाचं ठेसन बर्फात उभं होतं. बर्फाचा कण न् कण वेगळा दिसत होता. टेबलाखालच्या कॅबिनेटवर तो टॉवेल घडी घालून ठेवलेला होता.

झिगमारला तोंड लपवायला जागा उरली नाही. केकचं पुडकं हातात तसंच धरून तो खोलीच्या मधोमध उभा राहिला.

"कधी लावलंस?" त्यानं विचारलं.

"तू देऊन गेलास त्याच संध्याकाळी. शेवटी शेवटी त्याला वाकवत नसे. तो पलंगावरून सांगायचा, मी करायचे. येतं मला तेवढं."

"मागची केबल मी चुकीच्या जागी लावली होती."

"असं होय," ती म्हणाली. "मला वाटलंच, तसलंच काहीतरी असणार."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. टोमणा असता तर त्यानं तो निमूट घेतला असता. त्यानं पुडकं टेबलावर ठेवलं.

"मी आत्ता दारातसुद्धा खोटं बोललो," तो म्हणाला. "आणि मी दवाखान्यात आलो नाही, रोझविटा. मला सर्दीबिर्दी काही नव्हती."

"माहीत आहे मला. त्यालाही माहीत होतं."

"काही म्हणाला?"

"म्हणाला, झिगमार भित्रा आहे, त्याला बोलावू नकोस. उगाच येईल आणि रडेल."

ती स्वयंपाकघरात गेली. बशांचा आवाज झाला. झिगमारनं बाहीनं डोळे पुसले, ती यायच्या आत चेहरा नीट करावा म्हणून पडद्याकडे वळला. त्या ठेसनावर कोणी उतरत नव्हतं, कोणी चढत नव्हतं. गाडी नुसतीच उभी होती. रोझविटाला गाडी पुढं काढता येत नसावी. ती बहुधा एवढंच लावून बसत असावी.

ती कॉफी घेऊन आली, केक कापला, मोठा तुकडा त्याच्या बशीत ठेवला.

"त्याच संध्याकाळी कळलं होतं तुला," तो म्हणाला. "मग मला फोन का नाही केलास? मी आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो की एकहार्टचं कार्ड जळकं होतं."

रोझविटानं त्याच्या कपात दूध ओतलं. किती घालायचं ते तिनं विचारलं नाही, तिला ठाऊक होतं.

"फोन केला असता, तर तू कार्लाला पाठवलं असतंस," ती म्हणाली.