पन्नास झोके

विलायतेला कापूस जाऊ लागल्यापासून अमरावतीत रिकामी खोली उरली नव्हती. शाळेची प्रयोगाची खोली घरमालक केशवरावांना आता रुईसाठी हवी होती. गाड्या दारात उभ्याच होत्या.

मोरोपंत मास्तरांनी एक संधी मागितली. सहा फुटी लोखंडी पट्टीला त्यांनी दोन भोकं पाडून घेतली होती, एक अगदी टोकाशी, दुसरं तिथून चार फुटांवर. "कुठल्याही भोकातून टांगा, पन्नास झोक्यांना वेळ सारखाच लागेल. नाही लागला तर खोली तुमची."

"एकातून लांब लटकते, दुसऱ्यातून आखूड. सारखा कसा लागीन?" केशवराव हसले. "बरं, घड्याळ माह्यं. एकडाव आमचा मापारी मोजीन, एकडाव तुमी."

टोकाच्या भोकात तिकोनी कानस घालून पट्टी टांगली. मास्तरांनी ती थोडी ओढून सोडली. जाऊन परत आली की एक झोका. मापारी खुशालराव बाजारातल्या खणखणीत आवाजात मोजत गेले.

"एकशे नऊ सेकंद," केशवराव म्हणाले.

दुसऱ्या भोकातून टांगली तेव्हा मास्तरांनी मोजलं. एकशे अकरा.

"पंतोजी, बाकं काढा."

मास्तर फळ्याकडे पाहत राहिले. गणित त्यांनी चारदा तपासलं होतं. दोन सेकंद, म्हणजे जवळजवळ एक झोका. नेमका एकच?

"खुशालराव, पट्टी सोडली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"लाभ. पयल्या मापाले एक नाई म्हनत आमी. लाभ, मंग दोन, तीन."

"सोडतानाच लाभ?"

"मंग कवा? माल उतरल्यावर?"

"अहो, मी पहिला झोका पुरा झाल्यावर एक म्हणालो! तुमचे पन्नास म्हणजे माझे एकोणपन्नास."

"आता आकडे फिरवता काय?" केशवराव म्हणाले.

"काही फिरवत नाही. याही भोकातून खुशालरावच मोजतील, त्यांच्याच रीतीनं."

पट्टी सुटली. "लाभ!" मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चाळीसनंतर त्यांनी डोळे मिटले.

"पन्नास!"

केशवरावांनी घड्याळ कानाशी धरून पाहिलं. चालू होतं.

"एकशे नऊ," ते सावकाश म्हणाले.

मास्तर बाकावर बसले.

केशवराव दाराशी गेले. "हाका रे गाड्या, दुसरी जागा पाहू!" मग कोट काढून खुंटीला लावत ते आत आले.

"टांगा थे पट्टी. आता मी मोजतो."