रॅमच्या दोन पट्ट्या

पाकीट मुलाच्या, चैतन्यच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली होतं. भालचंद्र दामले मफलर शोधायला गेले आणि हाताला लागलं ते स्वतःच्याच नावाचं कुरियर. आठ दिवस ते त्याची वाट पाहत होते. कंपनीला दोनदा फोन करून झाले होते, दुसऱ्यांदा तर फोनवरच्या मुलीला त्यांनी हिंदीत चांगलंच सुनावलं होतं. आणि पाकीट इथे! मुलानं फोडून, पुन्हा चिकटपट्टी लावून ठेवलेलं. शेजारी त्यांचा स्क्रूड्रायव्हरचा डबा, जो हरवला म्हणून त्यांनी सगळं घर पालथं घातलं होतं.

पाकिटात लॅपटॉपचा वेग वाढवायला मागवलेल्या रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या होत्या. भालचंद्रांनी दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत चौतीस वर्षं उपकरणं दुरुस्त केली होती. निवृत्तीनंतर सरोजिनी नगरचं क्वार्टर सुटलं, पुढे बायको गेली आणि ते गुरुग्रामला मुलाकडे चौदाव्या मजल्यावर राहायला आले. प्रयोगशाळेतल्या नव्या लोकांसाठी ते दुरुस्तीची पुस्तिका लिहीत होते. शंभरेक आकृत्या झाल्या होत्या. एक आकृती उघडायची तर तेवढ्यात चहा करून यावा, इतका लॅपटॉप रखडायला लागला होता.

त्यांनी तडक चैतन्यला ऑफिसात फोन लावला. चैतन्य मीटिंगमध्ये होता, पण बाहेर येऊन बोलला. लपवलं वगैरे काही नाही, काळजीपोटी बाजूला ठेवलं, असं त्याचं म्हणणं. मग आवाज मऊ करून म्हणाला, "बाबा, हात बघा ना तुमचे. मशीन जाळून ठेवाल. मी टॅब घेऊन देतो, अक्षरं मोठी दिसतात त्यात."

भालचंद्रांनी फोन बंद केला. हात थरथरतो हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? वर्षभर उजव्या हातानं घास तोंडाशी नेताना रोज दिसत होतं. पण त्या हाताबद्दल मुलगा ज्या मऊ आवाजात बोलला, त्यानं त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पालथा घालून त्यांनी पहिल्या स्क्रूला हात घातला. टोक घसरलं. दुसऱ्यांदा घसरलं आणि झाकणावर लांब ओरखडा उठला. घरून काम करणारी सून, रुचिता, पाणी प्यायला बाहेर आली होती. ती थोडा वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "तुम्ही सांगा, मी करते."

त्यांना नको म्हणायचं होतं. पण स्क्रूड्रायव्हर त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

राग मुलावरचा होता, निघाला मात्र तिच्यावर. लॅपटॉप नुसता मिटलेला होता, तोही त्यांनीच. मिटला म्हणजे बंद झाला का, असं त्यांनी फटकारलं. आधी नीट बंद करायला लावला, मग चार्जर काढायला लावला. थंडीचे कोरडे दिवस होते, दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसायचा. अंगातली तेवढी वीजही रॅमला मारायला पुरते, म्हणून त्यांनी तिला लोकरीची शाल काढायला लावली आणि खुर्ची गालिचावरून उघड्या फरशीवर घ्यायला लावली. झाकण निघाल्यावर अंगातली वीज वाहून नेणारा डब्यातला पट्टा तिच्या मनगटाला बांधायला लावला. त्याच्या तारेचा चिमटा आतल्या उघड्या धातूला लावायचा होता. तिनं तो दोनदा चुकीच्या जागी लावला. दोन्ही वेळा ते ओरडले.

बॅटरीची पिन निघाली. उरलीसुरली वीज जावी म्हणून त्यांनी पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायला लावलं. जुन्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या पकडी बाहेर ढकलल्यावर पट्टी आपोआप तिरकी वर आली. रुचितानं नवी पट्टी उचलली तशी भालचंद्रांनी टेबलावर हात आपटला. "कडेला धर म्हटलं ना! सोनेरी भागाला बोट लावायचं नाही. एवढंही कळत नाही?"

तिनं बोटं कडेला सरकवली. दोन्ही पट्ट्या बसवल्या, बॅटरी जोडली, झाकण लावलं. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. नवी रॅम पहिल्यांदा वेळ घेते म्हणून भालचंद्र घड्याळ धरून थांबले. पाच मिनिटं झाली. काळाच.

"नीट दाबली नाहीस," ते म्हणाले. "घाई कसली होती तुला?"

"घाई नव्हती, भीती होती. तुम्ही असे ओरडत होता की जोर लावायची हिंमतच झाली नाही." रुचितानं मनगटाचा पट्टा टेबलावर टाकला. तिचा चेहरा लाल झाला होता. "चैतन्य तुम्हाला काही येत नाही असं धरून बोलतो, त्याचा तुम्हाला राग येतो. मग माझ्याशी तुम्ही तेच करताय."

 भालचंद्रांना उठून जावंसं वाटलं. प्रयोगशाळेत हाताखालच्या किती जणांवर आपण असेच ओरडलो, हेही मनात आलं, आणि ते काही बरं वाटलं नाही.

"चुकलो मी," अखेर ते म्हणाले. "पुन्हा करू या? मी हळू सांगतो."

पुन्हा सगळं पहिल्यापासून झालं. बंद, चार्जर बाहेर, शाल दूर, बॅटरीची पिन सुटी. या वेळी ते एकेक गोष्ट सांगून थांबत होते. पट्टीची खाच समोरच्या खोबणीतल्या उंचवट्याशी जुळव. तिरकी धर. आत सरकव, अजून, सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत. "आता खाली दाब. घाबरू नकोस, मोडत नाही."

कट्ट आवाज झाला. दुसऱ्या पट्टीचाही झाला.

एक मिनिट पडदा काळा राहिला, मग उजळला. दोन्ही पट्ट्या ओळखल्या गेल्या होत्या: सोळा जीबी. रुचिता हसली आणि घाईनं मीटिंगला पळाली.

संध्याकाळी चैतन्यला कळलं तेव्हा तो आधी बायकोवर वैतागला: जळलं असतं तर? भालचंद्र जेवता जेवता थांबले. "तिला काही बोलू नकोस. जळलं असतं तर माझं जळलं असतं. तू माझी वस्तू लपवलीस आणि आठ दिवस, कुरियर आलं का म्हणून मी विचारत होतो, तेव्हा नाही म्हणून मान हलवत राहिलास. काळजी होती तर तोंडावर बोलायचंस."

चैतन्य म्हणाला, तुम्ही ऐकलं असतंत का? "नसतं ऐकलं," भालचंद्र म्हणाले. "भांडलो असतो. भांड ना माझ्याशी."

दोन दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. भालचंद्रांचा राग उतरला नव्हता. आकृत्या आता झटक्यात उघडत होत्या, तरी मधेच आठवण होऊन कानशिलं तापत. तिसऱ्या दिवशी सकाळी चैतन्य त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हात एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचा का, त्यानं विचारलं. अपॉइंटमेंट घेऊन टाकली नव्हती, विचारलं होतं.

भालचंद्रांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "घे," ते म्हणाले. "पण डॉक्टरांशी मी बोलणार. तू बाहेर बसायचंस."

"बरं," चैतन्य म्हणाला.