अंगचोर

मामाचा सगळा जीव रविवारच्या अंतिम सामन्यात अडकला होता. फुटबॉलचा संघ त्याने घडवलेला, आणि संघाची भिस्त त्याच्या भाचीवर. तीन आठवड्यांपूर्वी धावता धावता वळताना तिच्या गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला आणि गुडघा टम्म सुजला. आता सूज उतरली होती, सरळ चालताही येत होतं. तरी पोरीचं एकच पालुपद, वळलं की गुडघा दगा देतो. आज सकाळी मामाने मैदानावर अख्ख्या संघासमोर तिला अंगचोर म्हटलं. तोंड आवरणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं.

दुपारी दवाखान्यात मामासमोरच फिजिओथेरपीच्या बाईंनी तिचा गुडघा किंचित वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढली, तशी ती सरकली. म्हणाल्या, आतलं लिगामेंट तुटलेलं दिसतंय. सूज उतरली म्हणजे ते जुळलं असं नाही. स्कॅन करा, ऑपरेशन लागेल का ते सर्जन सांगतील, पण रविवारी खेळली तर गुडघ्यातली गादीही फाटू शकते.

मामा कसला ऐकतोय! ओढली तर कुणाचीही नडगी हलणारच, असं म्हणत तो स्वतःच टेबलावर आडवा झाला. बाईंनी उजवी नडगी ओढली. ती जागीच अडली. मग डावी ओढली, थांबल्या, पुन्हा ओढली.

"हा गुडघा कधी गेला?"

कुठे काय गेलंय, असं म्हणायला मामाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाविसाव्या वर्षी उडी मारून उतरताना तो पडला होता. सूज गेली, पण वळलं की पाय निसटायचा. वडिलांनी चारचौघांत अंगचोर म्हटलं आणि महिन्याभरात त्याने खेळ सोडला. वडील जाऊनही बरीच वर्षं झाली. वाईट एवढंच, की त्यांचं म्हणणं त्यालाही पटलं होतं. तीस वर्षं तो स्वतःला तेच समजत आला होता.

तो उठून बसला. भाचीने त्याचे बूट उचलून जवळ ठेवले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सकाळचं बोलणं सगळ्यांसमोर झालं," तो म्हणाला. "माफीही सगळ्यांसमोरच मागेन. रविवारी तू माझ्या शेजारी बसायचंस."

तिने मान डोलावली. जिना उतरताना वळणावर दोघंही आपसूक हळू झाले.