माझ्याच मापाचा दुसरा

मित्रांनो, माझ्या पोटात आज पाण्याचा थेंब नाही, तेव्हा आवाज थोडा पोकळ वाटला तर सांभाळून घ्या. मी एक जुना रेडिएटर आहे. डोंगर चढणाऱ्या जीपगाडीचे दिवे तुम्ही पाहता, मोठाली चाके पाहता, हॉर्नसुद्धा लक्षात ठेवता. पण पुढच्या जाळीआड उभा राहून तापलेल्या इंजिनाचे पाणी गार कोण करतो, हे सहसा कोणी विचारत नाही. ते काम मी बावीस वर्षे केले. सध्या मी एका गॅरेजच्या मागच्या भिंतीला, एक वाकडे मडगार्ड आणि एक फुटका आरसा यांच्यामध्ये टेकून उभा आहे.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथल्या कारागिराच्या भुवया नेहमी अर्ध्या जळालेल्या असत. त्याने तांब्याच्या चपट्या नळ्या तीन ओळींत उभ्या केल्या, त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या बारीक घड्या बसवल्या, वर आणि खाली पितळेच्या टाक्या लावल्या आणि कडेने डाख देऊन सगळे सांधे बंद केले. मग मला हौदात बुडवून त्याने माझ्यात हवा भरली व तो डोळे बारीक करून बुडबुडे शोधू लागला. एकही आला नाही. "गडी दमाचा आहे," तो शेजारच्या कारागिराला म्हणाला. माझ्या पाठीवर त्याने खडूने खूण केली आणि लगेच पुढच्याला हात घातला. माझ्याकडे त्याने पुन्हा वळून पाहिले नाही. मी मात्र पेटीत बंद होईपर्यंत त्याच्याकडेच पाहत होतो.

मी ज्या जीपमध्ये बसलो ती एका नवरा-बायकोची होती. बायको डोंगराच्या पायथ्याच्या छोट्या दवाखान्यात परिचारिका होती. सगळे तिला सिस्टर म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. नवरा गाडी चालवायचा. खिंडीपलीकडे सात वस्त्या होत्या आणि तिथे जायला अकरा वळणांचा, दगडगोट्यांचा एकच रस्ता. औषधाची पेटी, बाळांचे वजन करायचा काटा आणि सिस्टर यांना घेऊन आम्ही आठवड्यातून चार वेळा ती खिंड चढायचो.

रोज सकाळी नवरा बॉनेट उघडायचा, माझे झाकण काढून आत डोकावायचा आणि लागेल तेवढे पाणी घालायचा. तो शांतपणे, गळ्यापर्यंत, न सांडता पाणी भरायचा. मग फडक्याने माझे तोंड पुसायचा.

"अहो, उशीर होतोय!" सिस्टर दारातून ओरडायची.

"आधी याचं पाणी, मग आपला चहा."

"माझी एवढी चौकशी केलीत का कधी?"

"तू कुठे गळतेस?"

ती हसायची. गाडी सुरू झाली की दोघांचे बोलणे सुरू व्हायचे आणि खिंडीपर्यंत थांबायचे नाही. कोणाच्या बाळाचे वजन वाढले, कोणत्या आजोबांनी गोळ्या उशीखाली लपवल्या, सगळे मला ऐकू यायचे. मी त्यात कुठेच नव्हतो, तरी ते मला माझ्याच घरातले बोलणे वाटायचे.

एका हिवाळ्यात, दुपारचे जेवण झाल्यावर, नवऱ्याच्या छातीत दुखू लागले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मोठ्या इस्पितळात लगेच न्या. गाडी दारात उभी होती. माझ्यात पाणी काठोकाठ होते. पण गाडी चालवणारा माणूसच आत पडून होता. सिस्टर रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांना हात करत राहिली. शेवटी एक टेम्पो थांबला. तोवर उशीर झाला होता.

त्यानंतर दीड महिना माझ्याकडे कोणी फिरकले नाही. मग एक दिवस सिस्टर गॅरेजच्या मिस्त्रींना घेऊन आली. हे मिस्त्री तिच्या नवऱ्याचे जुने मित्र, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर ठेवणारे.

"मला गाडी शिकवा," ती म्हणाली.

"या वयात, सिस्टर?"

"आधीच शिकायला हवी होती."

मिस्त्रींनी किल्ली तिच्या हातात दिली. त्यांनी तिला क्लच, गिअर, घाटातला ब्रेक सगळे शिकवले. पण मित्रांनो, माझ्याबद्दल सांगायचे राहून गेले. त्यांना वाटले, हे तर तिला ठाऊकच असणार. आणि तिला वाटले, पाणी म्हणजे पाणी. जाता-येता मिळेल ते ती माझ्यात ओतू लागली, कधी ओढ्याचे, कधी बोअरचे खारे. तेही महिना-पंधरा दिवसांनी, आठवण झाली तर. माझ्या नळ्यांत पांढरा क्षार धरू लागला. खालच्या टाकीच्या सांध्यातून बारीक गळती लागली. एकदा वाटेतल्या कोणीतरी तिथे साबण दाबून दिला, तो विरघळून माझ्याच पोटात गेला.

मी तिला दोष देत नाही. तिच्या आयुष्यातूनच एक माणूस वजा झाला होता, त्यात माझी आठवण कोण ठेवणार? खिंड चढताना ती शेजारच्या रिकाम्या सीटशी बोलायची. "अहो, त्या आजोबांनी आज गोळी घेतली बरं का, माझ्यासमोर गिळली." मग थोडा वेळ गप्प राहायची, जणू उत्तर येणार आहे. फक्त इंजिनाचा आवाज असायचा आणि माझ्यामागे फिरणारा पंखा. मला बोलता आले असते, तर मी निदान "हं" तरी म्हटले असते.

मिस्त्री एकदा म्हणाले, "सिस्टर, गाडीखाली ओल दिसते. रेडिएटरचं बघायला हवं."

"एवढं लसीकरण संपू दे."

लसीकरण संपले, मग साथ आली, मग पाऊस आला. माझे राहूनच गेले.

पुढच्या उन्हाळ्यातली ती दुपार मी विसरू शकत नाही. सर्वांत लांबच्या वस्तीतली एक तरुण बाई अडली होती. सिस्टरने तिला मागच्या सीटवर घेतले, सोबत तिची सासू बसली, आणि आम्ही खिंड चढू लागलो. ऊन मी म्हणत होते. माझ्या अर्ध्या नळ्या बुजलेल्या. मी जीव तोडून पाणी फिरवत होतो, पण ते गार होतच नव्हते. सातव्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला आणि बॉनेटखालून वाफ आली. गाडी बंद पडली.

सिस्टर उतरली. मागून त्या बाईचे कण्हणे ऐकू येत होते. घाईघाईने तिने माझ्या झाकणावर रुमाल टाकला आणि झाकण फिरवले.

मित्रांनो, तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधी उघडू नये. हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि मला सांगता येत नव्हते. आत कोंडलेले उकळते पाणी उसळले आणि तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. तिला भाजणारा मीच होतो.

ती क्षणभर खाली बसली. मग उठली. गाडीत पाण्याचा एकच कॅन होता.

"ओता ना गाडीत, निघू या!" सासू रडवेली होऊन म्हणाली.

सिस्टरने त्यातले थोडे पाणी हातावर ओतले. मग ती म्हणाली, "उरलेलं गाडीचं नाही, सुनेचं आहे. बाळ आता इथेच होणार. हात धुवा, आजी. माझा एकच हात चालतोय, दुसरा तुम्ही व्हा."

पुढचा तासभर मी पाठीमागचे आवाज ऐकत उभा होतो. माझ्यातून शेवटचे थेंब दगडांवर पडत होते आणि पडल्या पडल्या सुकत होते. "श्वास घे. घाई नको. हं, आता!" सिस्टरचा आवाज एकदाही चढला नाही. आणि मग बाळ रडले. सासू हसत होती की रडत होती, ते मला कळेना. बऱ्याच वेळाने दगड वाहणारा एक ट्रॅक्टर आला, त्याने आम्हाला ओढून खाली आणले. बाळ-बाळंतीण सुखरूप पोचली.

दोन दिवसांनी गॅरेजमध्ये मिस्त्रींनी मला गाडीतून सोडवून लाकडी टेबलावर आडवे ठेवले. सिस्टर हाताला पट्टी बांधून स्टुलावर बसली होती. इतक्यात तिचा दीर आला. तो दूर शहरात राहायचा. हात भाजल्याचे कळताच मोठे खोके घेऊन निघाला होता.

"वहिनी, हे बघा." त्याने खोके उघडले. आत एक नवा रेडिएटर होता, अॅल्युमिनियमचा, आरशासारखा चकचकीत, काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्यांचा. "दुकानदार म्हणाला, यापेक्षा गार करणारा दुसरा मिळणार नाही."

मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. त्या नव्याला माझ्या शेजारी ठेवले आणि बराच वेळ दोघांना पाहत राहिले.

"वाईट नाही हो," ते म्हणाले. "सपाट रस्त्यावरच्या गाडीला छानच. पण हा जुन्यापेक्षा दोन बोटं जाड आहे आणि आपल्या पंख्यापुढे मोकळी जागा एकाच बोटाची. याचं खालचं तोंड डावीकडे, गाडीचा पंप उजवीकडे. नळी वळवून आणावी लागेल, ती पंख्याच्या पट्ट्याला घासेल. आणि या दगडांत प्लॅस्टिकची टाकी तडकली, तर खिंडीत कोण जोडून देणार? पितळेला डाख तरी देता येतो."

"पत्रा थोडा कापून बसवा की!"

"बसेल. पण मी तसा बसवणार नाही. या गाडीतून बाळंतिणींना न्यायचं असतं."

दिराचा चेहरा पडला. तो खोक्याकडे पाहत म्हणाला, "म्हणजे माझं याही वेळेला चुकलंच. दादा गेला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पोचलो. आताही आलो तो नको ते घेऊन."

 मग सिस्टर म्हणाली, "भाऊजी, पेन्सिल घ्या. माझा एक हात बांधलेला आहे. मापं कोण लिहिणार?"

त्याने पेन्सिल घेतली. पण लिहिण्याआधी सिस्टरने मिस्त्रींना विचारले, "यालाच नाही का ठेवता येणार? आतल्या नळ्या नव्या घालून? ह्यांचा रोजचा हात लागलाय त्याला."

मित्रांनो, मी तेव्हा किती आशेने ऐकत होतो! मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने माझी खालची टाकी हळूच दाबली. टोक आरपार गेले.

"पितळ कागदासारखं झालंय, सिस्टर. मोह नको. पुन्हा खिंडीत बसाल."

तिने मान खाली घातली. मग सरळ बसून म्हणाली, "बरं. नवाच करून घ्या. तांब्या-पितळेचा, याच मापाचा. नळ्यांची एक ओळ वाढवता येईल का?"

"पंख्याला लागेल. तीनच राहू द्या. नीट पाणी घातलंत तर तीन पुरतात."

मग माझी मापे घेतली गेली. उंची, रुंदी, जाडी, वरच्या तोंडाचा घेर, बोल्टांच्या भोकांमधले अंतर. मिस्त्री टेप धरायचे, आकडा म्हणायचे, दीर तो दोनदा विचारून लिहायचा. इतका वेळ, इतक्या काळजीने माझ्याकडे कोणी कधी पाहिले नव्हते. आणि ते माझ्यासाठी नव्हते.

आठ दिवसांनी दुसरा आला. दिसायला माझ्यासारखाच, फक्त कोरा, लखलखीत. मिस्त्रींनी त्यात कूलंट, म्हणजे क्षार न धरणारे खास पाणी, भरले आणि सिस्टरला व दिराला दोघांना समोर उभे करून सगळे समजावले, जे त्यांनी पूर्वीच सांगायला हवे होते. ते बोलता बोलता मिस्त्री मधेच थांबले आणि म्हणाले, "माझीही चूक झाली, सिस्टर." गाडी सुरू झाली, फाटकातून बाहेर पडली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. नंतर बंद झाला.

मापाला उपयोगी पडेल म्हणून मिस्त्रींनी मला भंगारात दिले नाही. पण तसले काम पुन्हा आले नाही. माझ्या घड्यांमध्ये कोळ्याने जाळे केले आहे.

गेल्या महिन्यात सिस्टर तेल बदलायला आली होती. उजव्या हातावर गुलाबी डाग राहिला आहे. मिस्त्रींनी विचारले, "गाडी तापते का?"

"छे! काटा मधोमध असतो. चुकायची सोय कुठे आहे? भाऊजींचा रोज सकाळी फोन. पाणी बघितलं का, वहिनी? मग जेवलात का, मग झोप लागते का. मी म्हणते, अहो, मी काय गाडी आहे?" हे सांगताना ती हसली. तसे हसणे मी फार दिवसांनी ऐकले.

बोलताना तिने हातातली कापडी पिशवी माझ्या तोंडाला अडकवली होती. निघताना काढून घेतली. तिने मला ओळखले नाही. भिंतीजवळचा अंधार होता आणि माझ्यावर धूळही बरीच होती.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर रोज सकाळी, इंजिन गार असताना, रेडिएटरमधले पाणी बघा. तापलेल्या झाकणाला हात लावू नका. गळती थेंबाएवढी असतानाच दुरुस्त करा आणि नवा भाग घेताना चकाकी बघू नका, तो आपल्या गाडीला बसतो का ते बघा. एवढे केलेत तर मी इथे उभा आहे त्याचे चीज झाले.

आणि तुमच्या घरात कोणी मुकाट्याने राबत असेल, तर त्यालाही अधूनमधून विचारत जा. त्याला फार काही लागत नाही. हाक मारायची, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे.