मिझुएच्या टेबलासमोरचा दिवा

मित्रांनो, गोल फिरणारा एक जुना पिवळा दिवा तुमच्याशी बोलतो आहे. फिरताना मला सगळे थोडे थोडेच दिसायचे. आधी टेबल, मग माणसे, मग दार, पुन्हा टेबल. त्यामुळे माझी गोष्टही तुकड्यातुकड्यांची आहे. सांभाळून घ्या.

टेबलाकडे

मी ओसाकाजवळच्या एका शेडमध्ये तयार झालो. आपण रस्त्याच्या कामावर जाणार असे मला वाटत होते. पण मला विकत घेतले इवानामीबाईंनी, इथल्या रीतीने म्हणायचे तर इवानामी-सान यांनी, आणि आणले समुद्रकाठच्या या कामाबोकोच्या कारखान्यात. मासळीचा लगदा लाकडी पट्टीवर थापून वाफवला की कामाबोको होतो, वरून गुलाबी आणि आत पांढरा.

कोणाला ऐकू येत नाही, कोणाला दिसत नाही, कोणाला समजायला वेळ लागतो. अशा माणसांना काम मिळवून द्यायचे आणि ते टिकेपर्यंत सोबत राहायचे, हे इवानामी-सान यांचे काम. मिझुएला त्यांनीच इथे आणले. मिझुएला जन्मापासून ऐकू येत नाही.

ती वाफेच्या खोलीकडे पाठ करून कामाबोको गुंडाळायची. घंटा वाजली की खोलीचे दार आपोआप वर जाई आणि तापलेल्या पट्ट्यांनी भरलेली गाडी रुळावरून तिच्या मागे येई. बाकीचे घंटा ऐकून सरकत. मिझुएसाठी इवानामी-सान यांनी मला घंटेच्याच तारेला जोडले आणि तिच्या समोरच्या भिंतीवर बसवले. घंटा वाजे, मी फिरे, मिझुए हातातले काम ठेवून बाजूला होई.

माणसांकडे

कारखान्यात सगळ्यांच्या तोंडावर मास्क. ओठ दिसायचे नाहीत. म्हणून इथले जुने प्रमुख सकाळच्या सभेतले प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहीत. त्यांचे अक्षर वाईट होते, पण ते लिहीत.

"या दिव्याची मजा आहे बाई," शेजारच्या टेबलावरची फुकिको म्हणायची. "दिवसभर गरगर फिरतो, मेल्याला चक्कर कशी येत नाही!" आणि तेच हातवारे करून मिझुएला सांगायची. मिझुए मास्कच्या आत हसायची. तिचे डोळे बारीक होत, त्यावरून कळे.

इवानामी-सान आधी रोज यायच्या, मिझुएच्या शेजारी एप्रन बांधून उभ्या राहायच्या. मग आठवड्यातून एकदा. मग नुसता फोन.

"आमची पद्धतच अशी," त्या फुकिकोला म्हणाल्या होत्या. "मी दिसेनाशी झाले की समजायचं, काम जमलं."

मला तेव्हाच ते बरे वाटले नव्हते.

दाराकडे

जुने प्रमुख निवृत्त झाले. नवे काजिवारा-सान आले. ते वाईट माणूस नव्हते. रोज सगळ्यांच्या आधी येत, स्वतः फरशी पुसत. फळ्यावर मात्र आता उत्पादनाचे आकडे लागले. सभेतले बोलणे तोंडी झाले, मास्कमागून.

डिसेंबर आला. नव्या वर्षासाठी प्रत्येक घरात कामाबोको लागतो, त्यामुळे हात थांबत नव्हते. त्यातच वर्षअखेरची साफसफाई. नको असलेल्या वस्तूंवर लाल चिठ्ठ्या लागू लागल्या. मोडके स्टूल, गंजलेला पंखा. मग काजिवारा-सान माझ्यापुढे थांबले.

"हा कशाला?"

"मिझुएसाठी, साहेब," फुकिको म्हणाली.

"इथे कधी अपघात झालाय?"

"छे, एकदाही नाही."

"मग बघू. लागत असेल तर ती काढेलच चिठ्ठी."

त्यांनी मला लावलेल्या चिठ्ठीवर फक्त तारीख होती. त्या तारखेपर्यंत ज्याने त्याने आपल्या गरजेच्या वस्तूवरची चिठ्ठी काढून टाकावी, नाहीतर ती वस्तू भंगारात जाईल, हा नियम त्यांनी सकाळच्या सभेत सांगितला. तोंडी. सभा संपताना मिझुए सगळ्यांबरोबर नमस्कारासाठी वाकली आणि कामाला लागली. मला तपासून तारीख घातली असावी असे तिला वाटले. तिने माझी काच पुसली, चिठ्ठी नीट सरळ केली.

चहाच्या वेळी बायकांत कुजबुज झाली.

"तिला सांगितलं असेल ना कोणीतरी?"

"इवानामी-सान सांगतील की."

"आपण मधे पडलो तर साहेबांना वाटेल, कुरकुर करतायत."

तारीख उलटली.

"काही बोलली नाही," काजिवारा-सान म्हणाले. "म्हणजे चालतंय तिला."

जेवणाच्या सुट्टीत शिडी आली.

एकाच बाजूला

आता मी फिरत नाही. त्या दुपारी मला उतरवून कोपऱ्यातल्या खोक्यात टाकले, काच मिझुएच्या टेबलाकडे. ती जेवून आली. रिकाम्या भिंतीकडे तिने पाहिले. मग आजूबाजूला पाहिले. सगळ्यांच्या माना खाली. टेबलावर कामाबोकोचा ढीग वाढत होता. ती जागेवर उभी राहिली.

घंटा वाजली.

"मिझुए-सान! मागे!" फुकिको ओरडली. "मागे बघ!" मग सगळ्याच ओरडल्या. जोरजोरात. आपापल्या जागेवरून, मास्कमागून. एकही बाई तिच्याकडे धावली नाही.

गाडी तिच्या कमरेला लागली. तोल सावरायला तिने हात मागे नेला, तो तापलेल्या पट्ट्यांवर पडला.

इवानामी-सान लगेच आल्या. काजिवारा-सान माफी मागत त्यांच्यापुढे कितीतरी वेळ वाकून उभे होते. मग म्हणाले, "ही जागा तिच्यासाठी धोक्याची आहे. तिच्याच भल्यासाठी..."

"जागा तीच आहे, साहेब. दिवा कुठाय?"

इवानामी-सान यांनी मिझुएला हातांनी विचारले. मिझुएने बँडेज नसलेल्या हाताने सांगितले, आणि इवानामी-सान यांनी ते शब्दांत आणले, "तिला तिच्याच टेबलावर परत यायचंय."

"विचार करतो," काजिवारा-सान म्हणाले. इथे या शब्दांचा अर्थ 'नाही' असाच होतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. मिझुएलाही.

तिच्या टेबलाशी आता दुसरी बाई असते. घंटा वाजली की ती आपली आपण सरकते. "किती सोपं झालं," असे काजिवारा-सान काल म्हणाले. फुकिको काहीच बोलली नाही. वाफेची, गाडीची, भंगाराची मला भीती वाटत नाही, मित्रांनो. मला या गप्प बसण्याची भीती वाटते.

तुमच्याही शेजारी कोणी मिझुए काम करत असेल. तिचे सगळे सुरळीत चाललेले असेल, आणि म्हणूनच एक दिवस कोणीतरी शिडी घेऊन येईल. तेव्हा बोला. मोठ्याने नाही, तिला दिसेल असे.