छबुबाईच्या तोंडाभोवतीचा झेंडू

आमच्या बीड जिल्ह्यात माणसाचं तोंड मोठं होऊन चौकात लागतं ते दोनच कारणांनी. एक तर त्याचा वाढदिवस असतो, नाहीतर तो गेलेला असतो. पांढरे कपडे, जोडलेले हात आणि खाली पंचवीस कार्यकर्त्यांचे मुखडे असले की समजायचं, साहेब खुशाल आहेत. तोंडाभोवती फुलं असली की समजायचं, कारभार आटोपला. त्यामुळे छबुबाईच्या बाबतीत जे झालं, त्यात लोकांची चूक होती असं काही मला म्हणता येत नाही.

छबुबाई आणि तिचा नवरा बजरंग सहा महिने ऊस तोडून सिरसाळ्याजवळच्या आपल्या वस्तीवर परतले. ट्रॅक्टर थांबला, बजरंग आधी उतरला. त्याला पाहताच शेजारची कौशल्याबाई हातातली घागर टाकून धावत आली आणि त्याच्यापुढं मटकन बसून तिनं गळा काढला, "भाऊजी, कसं ओ झालं हे! आमची छबू गेली ओ!"

बजरंग गांगरला. आपली बायको गेली आणि आपल्याला पत्ताच नाही, हे कसं झालं याचा तो क्षणभर खरोखरच विचार करू लागला. तेवढ्यात ट्रॉलीतून वाकळांचं बोचकं घेऊन छबुबाई उतरली.

"कोण गेलं गं?" तिनं विचारलं.

कौशल्याबाईचं रडणं एकदम थांबलं. तिनं छबुबाईचा दंड चाचपला, गाल चाचपला आणि मग उलट तिच्यावरच चिडली. "मी डोळ्यांनी बघितलं! अंबाजोगाईला दवाखान्यात गेलते. तिथं रस्त्याच्या भिताडावर तुझं तोंड हाय, ह्या घराएवढं. भवताली झेंडूची फुलं. खाली हार, उदबत्ती. मंग माणसानं काय समजायचं?"

"फोन लावून ईचारायचं की."

"लावला. लागंना."

ते खरं होतं. बजरंगचा मोबाइल फाल्गुनातच पाटाच्या पाण्यात पडला होता. दहा दिवस सगळी वस्ती छबुबाईसाठी हळहळत होती आणि ती तिकडं मोळ्या बांधत होती.

"जाऊ दे," कौशल्याबाई म्हणाली. "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणत्यात."

सगळे हसले. छबुबाईही हसली. पण घरात बोचकं ठेवता ठेवता तिनं हळूच विचारलं, "दिंद्रुडाहून कोण आलतं का गं?"

"न्हाई बाई. कोणीच न्हाई."

दिंद्रुडला छबुबाईचा थोरला भाऊ राहायचा, धर्मराज. नऊ वर्षांपूर्वी त्यानं आपल्या पोरासाठी तिची पोरगी सुनिता मागितली होती. मामाचं घर, रीतीनं हक्कच तो. पण सुनितानं नाही म्हटलं आणि छबुबाईनं पोरीचं ऐकलं. धर्मराज भरल्या ताटावरून उठला. "आजपासून तू मला मेलीस," असं म्हणून गेला, तो पुन्हा आला नाही. दर वर्षी ती राखी पोस्टानं पाठवायची. पोहोचली की नाही, तेही कळायचं नाही. माणूस रागात बोलतो, वेळ आली की धावत येतो, असं म्हणून तिनं नऊ वर्षं काढली होती. आता तर ती मेली होती, यापेक्षा मोठी वेळ ती कुठून आणणार? आणि तरीही तो आला नव्हता. तिला फार वाईट वाटलं. इतकं वाईट खरोखर मेल्यावरही वाटलं नसतं.

दुसरा दिवस मंगळवार होता. सकाळीच ती एसटीनं अंबाजोगाईला निघाली. ते तोंड पुसून घ्यायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

पण कोणती भिंत? गावात उतरून बघते तर भिंतीच भिंती रंगलेल्या. सहा महिन्यांत या गावाला झालंय तरी काय, ते तिला कळेना. एका भिंतीवर मोर होता आणि त्याच्या पिसाऱ्यात गावातल्या गल्ल्या काढल्या होत्या. मोराच्या शेपटीत घरं कशाला, हे तिथल्या पानवाल्यालाही सांगता आलं नाही. पुढं शाळेच्या कुंपणाला नुसते रंगीत चौकोन होते, एकाला एक जोडलेले. ती थबकली. ही तर वाकळ! हे तिला कळलं, आवडलंही. पण भिंतीला वाकळ कशाला पांघरायची? त्याच्या पुढच्या भिंतीवर कोयता धरलेला हात होता. अंगठा चुकीच्या बाजूला. "असा धरला तर पहिल्याच घावाला पाय जाईल," ती मोठ्यानं म्हणाली. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी तिच्याकडं वळून पाहिलं.

ही चित्रं कोण काढतं ते विचारत विचारत ती एका हॉलपाशी पोहोचली. आत चित्रांचं प्रदर्शन होतं, फुकट. तिनं चपला दारात काढल्या. भिंतीवरच्या एका चित्रात उसाच्या पाचटाची रिकामी कोपी होती. दोन दिवसांपूर्वी ती असलंच खोपट मोडून आली होती आणि इथं त्याला काच-चौकट करून टांगलं होतं. बघणारे लोक त्याच्यापुढं देवळातल्यासारखे गप्प उभे होते. आत कुणी नाहीच, मग बघतात काय?

टेबलामागची पोरगी एकदम उभी राहिली. "मावशी! तुम्हीच ना?"

छबुबाईला ती आठवली. पौषात उसाच्या फडावर आली होती कॅमेरा घेऊन. प्रियदर्शनी नाव. फोटो काढू का म्हणाली, तेव्हा काढ म्हटलं होतं. हातातलं काम सोडायचं नव्हतं, म्हणून हो म्हटलं होतं.

"तूच काढलं व्हय माझं तोंड? माय, मी तुझं काय वाकडं केलतं? जित्या माणसाच्या भवती फुलं कोण काढतं?"

"फुलं शोभेला काढली, मावशी. तुमचा चेहरा मला फार…" पोरगी बोलता बोलता थांबली. हार, उदबत्ती हे सगळं तिनंही पाहिलं होतं. लोकांना चित्र इतकं आवडलं, असं समजून ती महिनाभर खुशीत होती. आता तिचा चेहरा पडला. "मी उद्याच येऊन पुसते."

"पूस," छबुबाई म्हणाली.

पोरीनं सांगितलेली भिंत एका गोदामाची होती, दवाखान्याच्या रस्त्यालाच. समोर उभी राहिली तेव्हा छबुबाईला पहिल्यांदा ओळखच पटेना. एवढं मोठं नाक आपलं? डोळ्यांखाली निळ्या रेघा होत्या. निळं माणूस असतं का कुठं? पण हनुवटीवरचं गोंदण बरोबर जागेवर होतं. आणि बघणं तिच्या आईचं होतं. सहा महिन्यांत आरसा नीट पाहिला नव्हता, तेवढ्यात आपण आईसारख्या कधी दिसायला लागलो? तिला धड रडूही येईना, हसूही येईना. चित्राखाली ना नाव, ना तारीख. नुसते सुकलेले हार.

"बसा मावशी, चहा घ्या," शेजारच्या टपरीवरून शहादेव म्हणाला. आणि कप पुढं करता करता तो थांबला. त्यानं भिंतीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

"मीच हाय," ती म्हणाली. "मेले न्हाई."

"आवो, पैला हार मीच घातलाय!" शहादेव कपाळाला हात लावून बाकावर बसला. "फुलांतलं तोंड बघितलं, म्हटलं कोणतरी मोठी बाई गेली. मग बघून बघून बाकीच्यांनी घातले. पर मावशी, तुमच्या भावाला काय सांगू आता? लई रडत्यात ओ ते."

"कोणता भाऊ?"

"दिंद्रुडचे. दर मंगळवारी गुडघा दाखवायला दवाखान्यात येत्यात. आज पाचवा मंगळवार. पैल्यांदा बघितलं तर हितंच बसले, उठंनात. म्हणले, बहिणीच्या घरून सांगावासुद्धा आला न्हाई, आता त्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ." शहादेवनं बाकाखालून एक पिशवी ओढली. "दुसऱ्या येळी हे घेऊन आले. भिताडाखाली ठिवलं हुतं. शेळ्या खातील म्हणून मी उचलून ठिवलं."

पिशवीत हिरवं पातळ होतं. कोरं, घडी न मोडलेलं.

ते काय आहे हे तिला सांगावं लागलं नाही. सवाष्ण गेली की माहेरचं हिरवं पातळ अंगावर घालून तिला वाटेला लावतात. भावानं ते आणायचं असतं. धर्मराजानं आणलं होतं, फक्त नेसवायला बाई नव्हती म्हणून भिंतीला दिलं होतं.

छबुबाई पातळ मांडीवर घेऊन बसली आणि तिचं डोकं चालेना. सरणावरचं पातळ जित्या बाईनं हातात धरावं का? अपशकुन असतो का तो? पण नऊ वर्षांत माहेरची चिंधी मिळाली नव्हती, आणि हे तर अख्खं पातळ. मेली म्हणून भाऊ दर मंगळवारी येतो. उद्या ती पोरगी फुलं पुसेल, मी जिती होईन. मग येईल का? जित्या बहिणीकडं नऊ वर्षांत एकदाही आला नव्हता.

"दोनच्या सुमाराला येत्यात," शहादेव म्हणाला.

दोनला पाच-दहा मिनिटं होती. छबुबाई टपरीमागं गेली आणि अंगावरच्या लुगड्यावरूनच ते हिरवं पातळ गुंडाळून आली. डोईवर पदर ओढला आणि भिंतीखाली, आपल्याच हनुवटीखाली बसली.

धर्मराज लंगडत आला. म्हातारा झाला होता. भिंतीखाली कुणी बाई सावलीला बसलेली असते, तिच्याकडं कोण बघतं? त्यानं हार खिळ्याला अडकवला, काठी टेकवली आणि वर बघत बसला.

"छबे," तो म्हणाला. "गाभण गाय व्याली. कालवड झाली." मग त्यानं दुखरा गुडघा चोळला. "राख्या हायेत गं. डब्यात ठिवल्यात सगळ्या. बांधल्या न्हाईत, पर टाकल्या बी न्हाईत." त्यानं उपरण्यानं नाक पुसलं. "पोरीचं ऐकलंस ते बरुबर केलंस. मीच गाढव."

बोलावं की बोलू नये, छबुबाईला कळेना. बोललं तर याचा ताठा परत यायचा. नाही बोललं तर हा असाच भिंतीशी बोलत मरायचा.

"दादा," ती म्हणाली, "नुसतंच पातळ आणलंस. चोळी कुठं हाय?"

धर्मराजानं आधी भिंतीकडं पाहिलं. मग खाली. मग परत भिंतीकडं. मग त्याची नजर हिरव्या काठावर अडकली, तो काठ त्यानंच निवडला होता. काठी हातातून निसटली.

"तू… मेली न्हाईस?"

"न्हाई."

"मंग पाच मंगळवार मी कोणापुढं रडलो बे?" तो शहादेववर ओरडला. शहादेव चहा गाळण्यात एकदम गुंतला.

"माझ्याच पुढं," छबुबाई म्हणाली. "पर तवा मी नव्हते. आत्ता जे म्हणलास, ते एकदा माझ्याकडं बघून म्हण."

धर्मराजानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. भिंतीला जे सहज सांगता आलं होतं, ते काही केल्या बाहेर पडेना. तिनं काठी उचलून त्याच्या हातात दिली आणि दुसऱ्या हाताला धरून त्याला उभं केलं.

"आरं शहादेवा," ती जाता जाता म्हणाली, "त्या पोरीला सांग, फुलं पुसू नको म्हणावं."

धर्मराज चार पावलं चालला. मग समोरच बघत, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "चोळीचा खण कोणत्या रंगाचा घ्यायचा?"